वाइन ताकाच्या जागी ठेवून बघ

पत्र: ताई, मी लातूरची. वय ३६, आम्ही दोघंही नोकरीला. डिसेंबरात नाशिकला फिरायला गेलो होतो. तिथं एका वायनरीत चव बघितली, आवडली, म्हणून तीन बाटल्या घेऊन आलो. दोन रेड, त्यावर शिराझ लिहिलंय, आणि एक व्हाइट, शेनिन ब्लाँ. तिथं चीजसोबत जी इतकी छान लागली तीच शिराझ घरी रविवारी मटणाच्या रश्श्यासोबत घेतली, तर तोंडात नुसता जाळ आणि वर कडू. नवरा म्हणाला, "याच्यापेक्षा ताक बरं." राहिलेल्या दोन बाटल्या मी ज्वारीच्या कोठीमागं ठेवल्यात. सासूबाई माळकरी आहेत, गावात आडव्या बाटलीचं मतदान झालं तेव्हा त्या सगळ्यात पुढं होत्या. मटण आम्ही मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यात करतो, त्याला त्यांची हरकत नसते. सासऱ्यांना शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत, आणि दीर म्हणतो रेड वाइन हृदयाला चांगली, बाबांनाही रोज थोडी देत जा. आपल्या जेवणासोबत वाइन जातच नाही का? की आम्हीच काहीतरी चुकायलोत? घरात हे कसं जमवावं? आणि औशाला मामांची द्राक्षाची बाग आहे, तिची घरीच करता येईल का?

उत्तर: तुझा नवरा वैतागून का होईना, बरोबर बोलला. आपण जेवताना ताक का घेतो ते आठव. भाकरी कोरडी, शेंगदाण्याची चटणी तेलकट, काळं तिखट जिभेवर बसलेलं. मग ताकाचा एक घोट. आंबटपणानं तेल कापलं जातं, गारव्यानं जाळ उतरतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्या घासासारखा लागतो. जेवणासोबतच्या वाइनलाही एवढंच काम असतं. तिला ताकाच्या जागी ठेवून बघ, म्हणजे कुठली चालेल आणि कुठली नाही हे तुझं तुलाच कळेल. तू ते काम शिराझला सांगितलंस. तिला ते येत नाही.

का येत नाही, ते सांगते. रेड वाइन द्राक्षाच्या सालीबियांसकट आंबवतात. त्यातूनच तो गडद रंग उतरतो आणि त्यासोबत तुरटपणाही. त्या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात. सुपारी खाल्ल्यावर किंवा फार वेळ उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर तोंड जसं आखडतं ना, तेच ते. शिराझमध्ये ते भरपूर असतं, शिवाय अल्कोहोलही साधारण १३-१४ टक्के. मिरची खरं तर जिभेला भाजत नाही. तिच्यातलं कॅप्सेसिन "भाजतंय, भाजतंय" अशी खोटी वर्दी मेंदूला देतं, आणि अल्कोहोलनं त्या वर्दीला आणखी जोर चढतो. त्यात तिखटानं हुळहुळलेल्या तोंडाला टॅनिन जास्तच कडू लागतं. म्हणजे तुझी बाटली खराब नव्हती आणि रस्साही बिघडला नव्हता. दोघांची गाठ चुकीची पडली.

मग वायनरीत ती इतकी मऊ का लागली? चीजमुळे. चीजमधली प्रथिनं आणि स्निग्धपणा टॅनिनला धरून ठेवतात, मीठ कडूपणा दाबतं. आणि मिरची तिथं नव्हतीच.

हे कळलं की शिराझची जागा तुझ्याच पातेल्यात सापडेल. मटण शिजलं की काळं तिखट घालायच्या आधी पोरांसाठी अळणी काढून ठेवतेस ना? आलं-लसूण, हळद, मीठ, वर चरबीचे पिवळे डोळे तरंगणारं ते पाणी आणि त्यातल्या चार-पाच मऊ फोडी. शिराझ त्याच्याबरोबर घे. चरबी आणि मीठ, म्हणजे चीजनं जे केलं तेच, फक्त आपल्या घरचं. आधी वाटीभर अळणी आणि वाइन, मग ग्लास बाजूला ठेवून रस्सा-भाकरी. रश्श्यासोबत ताकच. हा क्रम मी माझ्या घरी पुष्कळ पाहुण्यांवर चालवून पाहिलाय. एकदा एका पाहुण्यानं हट्टानं उलटा क्रम लावला आणि वाइनला नावं ठेवत गेला. जाऊ दे.

आता ती शेनिन ब्लाँ. आपल्या ताटाला खरी तीच. आपल्याकडची शेनिन बहुतेक वेळा आंबट आणि जराशी गोडसर असते. हा गोडसरपणा मोलाचा. आपण झणझणीत पिठल्यासोबत गुळाचा खडा तोंडात टाकतो तो उगाच नाही, साखरेनं तिखटाची धार मोडते. धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी यांच्यासोबत गार शेनिन घेऊन बघ. येसराच्या आमटीसोबतही ती टिकते. येसरात भाजलेल्या धान्याचा आणि खड्या मसाल्याचा वास असतो, त्यापुढं हलकी आणि अगदी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन पाण्यासारखी लागते, पण गोडसर शेनिन दबत नाही. सोविन्यों ब्लाँ ही दुसरी व्हाइट मिळाली तर ती हिरव्या चवींसाठी ठेव. तिला कापलेल्या गवतासारखा, हिरव्या मिरचीच्या देठासारखा वास असतो. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याच्या घोळाण्यासोबत मला ती फार आवडते, फक्त घोळाण्यात तिखट बेतानं.

वांग्याच्या भरतासाठी रोझे घे, झिनफँडेलची गुलाबी आपल्याकडे मिळते. भाजलेल्या सालीचा धुरकट वास तिला पेलतो. आमच्या संभाजीनगरात नान खलिया, म्हणजे नानसोबतचा मटणाचा तर्रीदार रस्सा, असतो, तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा फौजेसोबत तो इथं आला असं सांगतात. त्याच्या तर्रीपुढं रेडनं मान टाकली, गार रोझेनं मात्र निभावलं. आणि पावसात कांदाभजी, कुरडया, पापड असं तळण असेल तर ब्रूट, म्हणजे कोरडी फेसाळती वाइन. ताकातला आंबटपणा आणि सोड्याची चुरचूर एकाच घोटात, तेल धुऊनच निघतं. ती स्वस्त नसते, म्हणून भजी तळायच्या दिवशी चौघंजण बोलाव. उघडली की दुसऱ्या दिवशी तिचा फेस मरतो.

पुरणपोळीसोबत काही शोधू नकोस. गोड पदार्थासोबतची वाइन पदार्थापेक्षा गोड असावी लागते, आणि पुरणापेक्षा गोड काहीही प्यावंसं माणसाला वाटू नये. तिथं कटाची आमटी बसलेली आहे. येळवशीलाही, म्हणजे वेळ अमावास्येच्या रानातल्या जेवणालाही, बाटली नेऊ नकोस. तू लातूरची, तुला काय सांगायचं? भज्जी, उंडे आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेल्या त्या आंबिलीचं तरी दुसरं काय काम असतं? आंबट, गार, जिभेवरचं सगळं पुसून टाकणारी. त्या ताटाची जोडी आपल्या आज्यांनी आधीच लावून ठेवलीय.

आता तुझ्या पत्रात नसलेली एक चूक सांगते, कारण ती तू केली असणार याची मला खात्री आहे. रेड वाइन "रूम टेंपरेचरला" प्यावी असं वायनरीत सांगितलं असेल, आणि तू ती तशीच प्यायली असशील. ही खोली युरोपातली, थंड भिंतींची. त्यांना १६ ते १८ अंश म्हणायचं असतं. लातूरच्या मे महिन्यात खोलीत ३६-३७ सहज असतात. त्या तापमानाला रेड नुसती अल्कोहोलच्या वाफेसारखी नाकात जाते. बाटली जेवणाआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेव. व्हाइट आणि रोझे दोन-तीन तास, ८-१० अंशापर्यंत उतरू दे. वीज गेली असेल तर बाटलीला ओला पंचा गुंडाळून माठाशेजारी वाऱ्यात उभी कर. माठ जसा गार होतो तशीच ती होते, आणि आपल्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. पंचा सतत ओला ठेवायचा एवढंच. व्हाइट यानं पुरती गार होणार नाही, पण रेड पिण्याजोगी होते.

उष्णतेनं काय होतं ते मी पैसे घालवून शिकले. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नाशिकहून येताना दोन चांगल्या बाटल्या घेतल्या. सोबत पाहुणे होते, वाटेत वेरूळ दाखवू म्हणून थांबलो. गाडी उन्हात, बाटल्या मागच्या सीटवर, आणि आम्ही कैलास लेण्यात तीन तास. परत आलो तर एका बाटलीचं बूच बोटभर वर आलेलं, कडेनं लाल ओघळ, सीटचं कापड चिकट. घरी येऊन दुसरी उघडली. ती शिजलेल्या मनुक्यांच्या पाण्यासारखी लागली, गोड वासाची आणि चवीला मेलेली. डाग अजून सीटवर आहे. तेव्हा बाटली फ्रिजच्या डोक्यावर नको, तिथं मागची गरम हवा वर येते. माळ्यावर नको, पत्र्याखाली तर मुळीच नको. बूच असेल तर आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीचं झाकण असेल तर कशीही. आपल्याकडे एप्रिल ते जून बाटली फ्रिजमध्येच ठेवावी, आणि मुळात साठा करूच नये. आणलेली महिन्या-दोन महिन्यांत संपवावी. विकत घेतानाही दुकानात उन्हाकडच्या काचेत महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली घेऊ नकोस, लेबलवरचं साल बघ. व्हाइट जितकी ताजी तितकी बरी.

दुकानाचंही एक आहेच. आपल्याकडे पाटी "वाइन शॉप" असते आणि आत वाइन सोडून सगळं मिळतं. मागितली तर बरेचदा पोर्ट पुढं करतात, ती गोड आणि जड असते. जेवणासोबत ती नको. द्राक्षाच्या जातीचं नाव लेबलवर असलेली बाटली मागायची. तुला दर वेळी नाशिक गाठायची गरजही नाही, सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूलाही वाइनचे मळे आहेत. बिल जपून ठेव. आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्या राज्यात मद्य बाळगायला-प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा. दुकानदार विचारत नाही म्हणून तो लागत नाही असं नसतं.

मामांच्या बागेचं थोडक्यात सांगते: नाही. विनापरवाना घरी मद्य करणं गुन्हा आहे. आणि ती द्राक्षं त्या कामाची नाहीतही. थॉमसन, सोनाका, माणिक चमन या खायच्या जाती, मोठ्या मण्यांच्या, पातळ सालीच्या, बिनबियांच्या. मामा एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून त्यांना इतकं सांभाळतात ते दाताखाली कुरकुरीत फुटावीत म्हणून. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांनी भरलेलं असतं, तोंडात टाकलंस तर थुंकशील. चव सालीत असते, आणि मामांच्या मण्यात साल जवळजवळ नसतेच. मामांकडून पेटी आण, ती गार करून खा.

आता घर. तुझ्या पत्रातलं मला खटकलेलं वाक्य वाइनचं नाहीच. "राहिलेल्या बाटल्या मी कोठीमागं ठेवल्यात." आणल्या दोघांनी, प्यायल्या दोघांनी, लपवायचं काम मात्र तुझं एकटीचं? उद्या सापडल्या तर "सुनेनं दारू आणली" एवढंच गावभर होईल, तो नामानिराळा. तेव्हा सासूबाईंशी त्यानं बोलायचं. आई त्याची आहे. तू शेजारी बस, पण तोंड त्यानं उघडायचं, आणि सापडायच्या आधी.

बोलताना "वाइन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य त्यानं चुकूनही काढू नये. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं मंत्रिमंडळानं ठरवलं आणि गदारोळ झाला, तेव्हा हे वाक्य पुष्कळ ऐकू आलं. ते खोटं आहे. १५० मिलीच्या एका ग्लासात साधारण दीड छोट्या पेगाएवढं अल्कोहोल असतं, हिशेब करून बघ. तुझ्या सासूबाईंनी आडव्या बाटलीसाठी मत दिलं ते वाइनच्या लेबलावर चिडून नव्हे. कुणाच्या तरी घरातलं धान्य विकलेलं, कुणाची तरी पाठ सुजलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली असणार. त्यांना शब्दांत गुंडाळायला गेलात तर त्या दोन मिनिटांत ओळखतील. "आई, ही दारूच आहे. आम्ही दोघं महिन्यातून एक-दोनदा जेवताना एकेक ग्लास घेतो. तुला विचारल्याशिवाय आणली, चुकलं." एवढं पुरे.

वाट तुमच्या घरानं आधीच काढून ठेवलेली आहे, ती तुझ्या लक्षात आली नाही याचं मला नवल वाटलं. मटणाचं काय केलंत तुम्ही? वेगळी शेगडी, वेगळं भांडं, मागची पडवी. माळकरी बाईनं स्वतःचं सोवळं न मोडता मुलाच्या जिभेला जागा करून दिली. बाटलीनं त्या भांड्याचे नियम पाळायचे. फ्रिजमध्ये ठेवायला त्यांनी परवानगी दिली तर खालच्या कप्प्यात, कागदात गुंडाळून, त्यांच्या विरजणाच्या भांड्यापासून लांब. ग्लास वेगळे, धुवायचे पडवीत, आणि धुवायचे नवऱ्यानं. एकादशी, चातुर्मास, घरात वारकरी उतरलेले असताना नाही. आणि त्या नाहीच म्हणाल्या तर नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत रोज भांडण गिळत घेतलेला घोट शिराझपेक्षा कडू लागेल. मग एखाद्या मैत्रिणीच्या गच्चीवर अळणीचं पातेलं घेऊन जा.

सासऱ्यांना मात्र एक थेंबही नाही. इथं चर्चा नको. शुगरच्या काही गोळ्यांवर अल्कोहोल घेतलं तर साखर एकदम खाली जाते, आणि चक्कर-घाम बघून घरच्यांना वाटतं की प्यायल्यामुळे झालं, तोवर वेळ गेलेली असते. हृदयाला चांगली ही गोष्ट दिराला कुठून मिळाली ते मला माहीत आहे, फ्रान्समधले लोक लोणी खाऊन रेड पितात आणि तरी त्यांची हृदयं धड असतात, असं नव्वदच्या दशकापासून सगळीकडे छापून येतंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलंय की आरोग्याला सुरक्षित असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही. कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ते आहे, तंबाखूच्या पंगतीत. तेव्हा औषध म्हणून कुणीच घेऊ नये. तुम्ही दोघं घेता ती चवीसाठी, तेवढंच ते असू दे, थोडी आणि कधीतरी. दिवस राहायचा विचार असेल तर तूही बंद कर. गाडी चालवायची असेल त्या दिवशी कुणीच नाही.

एका बाटलीत पाच ग्लास निघतात, तुम्ही दोघं. म्हणजे तीन उरणार. ते त्याच रात्री संपवायची गरज नाही. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेव, रेडसुद्धा. तीन-चार दिवस चांगली राहते. त्यानंतर आंबट झाली तर मटण मुरवताना दह्याच्या जागी अर्धी वाटी घाल, मांस छान मऊ होतं. स्टीलच्या फुलपात्रात ओतू नकोस, साधा काचेचा ग्लास चालेल, अर्ध्याच्या खाली भर म्हणजे वास कोंडून राहतो.

येत्या रविवारी दुसरी शिराझ उघड. सकाळी अकराला पाऊण तास फ्रिजमध्ये, अळणीत मीठ पोरांच्या अळणीपेक्षा चिमूटभर जास्त, आणि काळं तिखट अजून डब्यात असतानाच पहिला घोट. पण त्याआधी, आजच संध्याकाळी, त्या बाटल्या कोठीमागून काढ. दळणाची ज्वारी काढायला तुझ्या घरी सासूबाईच जात असणार.